कृष्णविवराचा ताप

ताप हा आजार नव्हे, लक्षण आहे, असे डॉक्टर नेहमी सांगतात. थर्मामीटरवरचा आकडा पाहून ते थांबत नाहीत. वरून न दिसणारे असे आत काय चालले आहे, याचा शोध त्या आकड्यापासून सुरू होतो. या स्तंभात एरवी माणसाच्या तापाविषयी बोलणे होते. आज ज्याच्या तापाविषयी लिहायचे आहे, त्याला थर्मामीटर लावणे कुणालाच शक्य नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी कागदावरच्या गणिताने सांगितले की, कृष्णविवरालाही तापमान असते. ते अजून कुणी मोजलेले नाही. तरीही अवकाश आणि काळ मुळात कशाचे बनले आहेत, या भौतिकशास्त्रातील सर्वांत खोल प्रश्नाचा माग शास्त्रज्ञ याच लक्षणावरून काढू पाहत आहेत. त्या शोधाचा एक धागा आता हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथपर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणून हा विषय ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही.

निमित्त एका लहरीचे आहे. १४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगोच्या दोन वेधशाळांनी एक गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या साधारण ३२ ते ३४ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती घिरट्या घालत अखेर एकजीव झाली होती. अशी पहिली टक्कर सप्टेंबर २०१५ मध्ये ‘ऐकू’ आली, तेव्हा जगभर मथळे झाले. त्यानंतर अशा घटनांची रीघ लागली आणि मथळे आटले. मग या वेळी वेगळे काय होते? मधल्या दहा वर्षांत उपकरणे इतकी सुधारली की, ही नवी लहर आधीच्या कोणत्याही लहरीपेक्षा स्पष्ट उमटली. त्यामुळे एक जुना हिशेब नेमका तपासता आला.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो हिशेब असा: टकरीपूर्वी दोन्ही कृष्णविवरांच्या पृष्ठभागांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते. टकरीनंतर उरलेल्या एका कृष्णविवराचे क्षेत्रफळ सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर भरले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आधीची दोन्ही मिळून महाराष्ट्रात मावली असती, नंतरचे एकटे मावले नसते. क्षेत्रफळ वाढले. ते कधीही घटणार नाही, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये गणिताने सिद्ध केले होते. त्या नियमाची ही ९९.९९९ टक्के खात्रीची पडताळणी ठरली. २०१५ च्या लहरीवरून हीच तपासणी झाली होती, तेव्हा खात्री ९५ टक्क्यांपर्यंतच पोहोचली होती.

थेंबांचे गणित आणि घंटेचा नाद

दोन वस्तू एकत्र आल्या तर मोठी वस्तू होणारच, त्यात नवल काय, असे कुणी विचारील. पण पाण्याचे दोन सारखे थेंब एकत्र आणून पाहा. नव्या थेंबाचा पृष्ठभाग आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरतो. कृष्णविवरांचे उलटे आहे. त्यांचे क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वस्तुमान दुप्पट झाले, तर क्षेत्रफळ चौपट होते. या टकरीत सूर्याच्या सुमारे तीनपट वस्तुमान ऊर्जा होऊन लहरींच्या रूपाने निघून गेले. म्हणजे वस्तुमान घटले, तरी क्षेत्रफळ मात्र वाढले. हॉकिंग यांच्या नियमाचा अर्थ एवढाच की, निसर्गाने लहरींवर किती खर्च करावा, याला मर्यादा आहे. दोन सारखी, न फिरणारी कृष्णविवरे एकत्र आली तर जास्तीत जास्त २९ टक्के वस्तुमान बाहेर टाकता येते. प्रत्यक्ष खर्च या वेळी ५ टक्क्यांच्या आतच राहिला.

इथे ‘पृष्ठभाग’ म्हणजे कठीण कवच नव्हे. जिथून प्रकाशही परत येऊ शकत नाही, त्या सीमेला घटना क्षितिज म्हणतात, आणि क्षेत्रफळ त्या सीमेचे. ती दिसत नाही. मग मोजायची कशी? लहरीच्या सुरुवातीच्या भागावरून मूळ दोन कृष्णविवरांची वस्तुमाने कळतात. शेवटच्या भागात नवे कृष्णविवर देवळातल्या घंटेसारखे निनादते आणि क्षणात शांत होते. नादाची पट्टी आणि तो किती लवकर विरतो, यावरून त्याचे वस्तुमान आणि फिरण्याचा वेग काढता येतो. धक्का बसलेले कृष्णविवर असा नाद करील, हे १९७० मध्ये दाखवले ते सी. व्ही. विश्वेश्वरा या भारतीय शास्त्रज्ञाने. तेव्हा ‘कृष्णविवर’ हे नाव रुळून तीन-चार वर्षेही झाली नव्हती आणि अशी वस्तू असते, यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे ते पहिले संचालक. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. त्याआधी पहिली लहर ऐकलेली त्यांना पाहता आली.

चहाच्या कपाचा गुन्हा

आता तापाकडे वळू. गरम चहा थंड होतो, थंड चहा आपोआप गरम होत नाही. सांडलेले पाणी गोळा होऊन परत तांब्यात जात नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच. जगातील अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, एकूण धरता वाढतच जाते. प्रिन्स्टनमध्ये १९७०च्या सुमारास जॉन व्हीलर यांनी जेकब बेकेनस्टाइन या आपल्या विद्यार्थ्याला गमतीने एक पेच घातला होता. गरम आणि थंड चहा एकत्र केला की आपल्या हातून एन्ट्रॉपी वाढवण्याचा गुन्हा घडतो. पण तो चहा जवळून जाणाऱ्या कृष्णविवरात टाकला तर? पुरावाच नष्ट! आतले बाहेरून दिसत नाही. मग दुसरा नियम मोडला की नाही?

बेकेनस्टाइन यांनी गंमत गंभीरपणे घेतली. चहा आत गेला की कृष्णविवराचे क्षेत्रफळ वाढते, आणि क्षेत्रफळ कधी घटत नाही. एन्ट्रॉपीचाही स्वभाव तसाच. मग क्षेत्रफळ हीच कृष्णविवराची एन्ट्रॉपी असली पाहिजे, असे त्यांनी १९७२-७३ मध्ये मांडले. त्या वेळी ते पंचविशीत होते. ज्यांच्या नियमाचा त्यांनी आधार घेतला, ते हॉकिंगच या मांडणीने वैतागले. त्यांचा आक्षेप बिनतोड होता. एन्ट्रॉपी असेल तर तापमान असले पाहिजे. तापमान असेल तर वस्तूने उष्णता बाहेर टाकली पाहिजे. आणि कृष्णविवर तर काहीच बाहेर टाकत नाही. १९७३ मध्ये जेम्स बार्डीन, ब्रँडन कार्टर आणि हॉकिंग यांनी कृष्णविवरांचे चार नियम मांडले. ते उष्मागतिकीच्या चार नियमांशी ओळीने जुळत होते. तरी हे साम्य वरवरचे आहे, खरे तापमान शून्यच, असे त्यांनी बजावून ठेवले.

पुढच्याच वर्षी हॉकिंग यांनी घटना क्षितिजाजवळ क्वांटम सिद्धांत लावून पाहिला. कृष्णविवर काही बाहेर टाकते का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येईल, ही त्यांची अपेक्षा होती. उत्तर आले ‘हो’. कृष्णविवर एखाद्या तापलेल्या वस्तूप्रमाणे प्रारण सोडते, आणि त्याचे तापमान बेकेनस्टाइन यांच्या कल्पनेला हवे तसेच बसते. हॉकिंग यांनी स्वतःचे गणित पुन्हा पुन्हा तपासले आणि मग १९७४ मध्ये आपण ज्याला खोडून काढत होतो, तोच बरोबर आहे, असे जगाला सांगितले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये हॉकिंग यांच्या स्मृतिशिळेवर आज तापमानाचे ते सूत्र कोरलेले आहे. आपली चूक दाखवणारे उत्तर लपवायचे नाही, हा विज्ञानाचा दंडक त्या दगडावर आहे, असे आम्ही मानतो. प्रतिपक्षाचे म्हणणे बरोबर निघाले तर ते आपणच छापावे, ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळ आहे, म्हणून तिची आठवण अधिक मोलाची.

किती अंश?

तापमान आहे तरी किती? सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या दहा कोटी भागांपैकी सहा भागांपेक्षा थोडे जास्त. वस्तुमान जितके जास्त, तितका ताप कमी. जानेवारीच्या टकरीतून जन्मलेल्या कृष्णविवराचा तर साधारण एक अब्जांश अंश. आजच्या विश्वात सगळीकडे पसरलेले आदिप्रारण २.७ अंश केल्विनचे आहे. म्हणजे ही कृष्णविवरे भोवतालपेक्षा कितीतरी थंड आहेत. ती उष्णता देण्यापेक्षा घेतात जास्त. म्हणून हॉकिंग प्रारण आकाशात पकडणे आजच्या कोणत्याही दुर्बिणीच्या आवाक्यात नाही.

या तापाची तऱ्हाही उलटी. चहा उष्णता गमावून थंड होतो. कृष्णविवर ऊर्जा गमावते, हलके होते आणि म्हणूनच आणखी तापते. आणखी तापले की आणखी वेगाने ऊर्जा गमावते. अखेर ते नाहीसे होते, पण सूर्याएवढ्या कृष्णविवराला त्यासाठी लागणारी वर्षे लिहायची तर एकावर ६७ शून्ये द्यावी लागतील. विश्वाच्या आरंभी सुमारे ५० कोटी टनांची, पण प्रोटॉनच्या आकाराची चिमुकली कृष्णविवरे जन्मली असतील, तर त्यांचा अंत आजच्या सुमारास व्हायला हवा. शोध चालू आहे, सापडलेले एकही नाही.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. २०२५ च्या लहरीने ‘हॉकिंग खरे ठरले’ असे मथळे आले. खरा ठरला तो क्षेत्रफळाचा १९७१ चा नियम. त्यात क्वांटम काही नाही. तापमानाचे १९७४ चे भाकीत अजून सिद्ध व्हायचे आहे. इतकेच नव्हे, प्रारणामुळे कृष्णविवर झिजते तेव्हा त्याचे क्षेत्रफळ घटते, म्हणजे पहिला नियम काटेकोर अर्थाने मोडतो. टिकतो तो बेकेनस्टाइन यांचा व्यापक नियम: कृष्णविवराची एन्ट्रॉपी आणि बाहेरच्या सगळ्या जगाची एन्ट्रॉपी, यांची बेरीज घटत नाही. कौतुक करायचे तर नेमक्या गोष्टीचे करावे.

कोठाराच्या भिंती

ताप कळला. आता निदान काय? व्हिएन्नाच्या स्मशानभूमीत लुडविग बोल्ट्झमन यांच्या समाधीवरही एक सूत्र कोरलेले आहे. त्याचा आशय असा की, एन्ट्रॉपी म्हणजे मोजदाद. खोलीतली हवा बाहेरून एकसारखी दिसते. पण तिच्यातील रेणू किती वेगवेगळ्या प्रकारे मांडले तरी ती तशीच दिसेल, त्या प्रकारांची संख्या म्हणजे तिची एन्ट्रॉपी. बोल्ट्झमन यांच्या काळी अणू आहेत की नाहीत, यावरच वाद होता. अणू कुणी पाहिले नव्हते. तरी त्यांचा युक्तिवाद सरळ होता. एखादी वस्तू तापू शकते, उष्णता साठवू शकते, तर ती साठवायला तिच्या आत हलणारे बारीक घटक हवेतच. तापमान हेच अणूंच्या अस्तित्वाचे लक्षण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते निदान खरे ठरले.

हाच युक्तिवाद कृष्णविवराला लावा. कृष्णविवर म्हणजे काही पदार्थाचा गोळा नव्हे. घटना क्षितिजापाशी असतो तो निव्वळ वाकलेला अवकाशकाल. त्याला जर तापमान आहे, तर अवकाशकालालाही कसले तरी ‘अणू’ असले पाहिजेत. आणि मोजदाद केली तर ते थोडेथोडके नाहीत. सूर्य कोसळून कृष्णविवर झाला, असे क्षणभर धरले, तर त्याची एन्ट्रॉपी आजच्या सूर्याच्या एन्ट्रॉपीच्या सुमारे एकावर १९ शून्ये इतक्या पट वाढेल. त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे ही एन्ट्रॉपी घनफळावर ठरत नाही, क्षेत्रफळावर ठरते. एखाद्या कोठारात धान्याची किती पोती मावतील, हे आतल्या जागेवरून ठरते. इथे मात्र कोठाराची क्षमता भिंतीच्या क्षेत्रफळावरून ठरते, असे निसर्ग सांगतो आहे. तीन मितींचे हे आपले जग मुळात दोन मितींच्या हिशेबाने चालते की काय, अशी शंका त्यातूनच पुढे आली.

पुण्याच्या आयुकातील प्रा. थाणू पद्मनाभन यांनी आयुष्याची अनेक वर्षे याच धाग्यासाठी खर्च केली. पाण्याचे तापमान आणि दाब हे गुण एका रेणूचे नसतात, असंख्य रेणूंच्या समूहाचे असतात. गुरुत्वाकर्षणही तसेच असावे, अवकाशकालाच्या अज्ञात घटकांच्या सामूहिक वागण्यातून उमटणारे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेत टेड जेकबसन यांनी १९९५ मध्ये उष्मागतिकीपासून सुरुवात करून थेट आइन्स्टाइनच्या समीकरणांपर्यंत पोहोचता येते, हे दाखवले होते. पद्मनाभन यांनी त्या दिशेने बरीच मजल मारली. सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे म्हणणे सर्वमान्य झालेले नाही. पण प्रश्न कसा विचारावा, हे त्यांनी अनेकांना शिकवले.

गणित हात टेकते तिथे

दुसरे लक्षण आहे सिंग्युलॅरिटी. कृष्णविवराच्या मध्यभागी बसलेला, अनंत घनतेचा एक बिंदू, असे तिचे चित्र सगळीकडे दिसते. ते चित्र दोन बाबतींत फसवे आहे, आणि त्यासाठी कोलकात्याला जावे लागेल.

१९५०च्या सुमारास तेथील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत अमलकुमार रायचौधुरी हे तरुण संशोधक काम करत होते. त्यांच्याकडून अपेक्षा होती धातूंच्या गुणधर्मांवरील संशोधनाची. सापेक्षतेचे वेड त्यांनी स्वतःच्या हिमतीवर जोपासले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यांचा निबंध आला. त्यांचा प्रश्न साधा होता. मोकळेपणी पडणाऱ्या धूलिकणांचा एक छोटा ढग घेतला, तर त्याचे घनफळ काळाबरोबर कसे बदलेल? उत्तर त्यांनी एका समीकरणात बसवले. आत असलेले द्रव्य ढगाला आकसवते. ढगाचा आकार पिळवटला गेला तर तेही त्याला आकसवते. ढग फिरत असेल, तरच आकसण्याला विरोध होतो. गुरुत्वाकर्षण ओढणारेच आहे आणि ढग फिरत नाही, एवढे मानले, तर एकदा जवळ येऊ लागलेल्या वाटा मर्यादित काळात एकमेकींना छेदल्याशिवाय राहत नाहीत.

त्याआधी अनेकांना वाटे की, तारा कोसळून शेवटी अनंत घनतेला पोहोचतो, हे केवळ गणितात तारा अगदी गोल मानल्यामुळे घडते. खरा तारा वेडावाकडा असतो, त्याचे कण एकमेकांना चुकवून निघून जातील. रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये हा दिलासा काढून घेतला. प्रकाश बाहेरच्या दिशेने सोडला तरी आतच ओढला जाईल, अशी स्थिती एकदा निर्माण झाली की आकार कसाही असो, शेवट टळत नाही. त्यांच्या आणि नंतर हॉकिंग यांच्या सिद्धतेच्या गाभ्याशी रायचौधुरींचे समीकरण होते. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळाले. रायचौधुरी २००५ मध्ये गेले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यांना एक अस्सल शिक्षक म्हणून आठवतात.

आता ते फसवे चित्र. पहिली गोष्ट, सिंग्युलॅरिटी ही जागा नाही. न फिरणाऱ्या कृष्णविवरात क्षितिज ओलांडले की ती समोर किंवा मध्यभागी नसते, ती भविष्यात असते. उद्याची सकाळ जशी डावीउजवीकडे वळून चुकवता येत नाही, तशीच ती चुकवता येत नाही. सूर्याच्या ६० पट वस्तुमानाच्या अशा कृष्णविवरात तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत येतो. दुसरी गोष्ट, पेनरोज यांच्या प्रमेयात अनंत घनता हा शब्दच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, काही वाटा मध्येच संपतात. पुढे काय, याचे उत्तर सिद्धांताकडे नाही. फिरणाऱ्या कृष्णविवराचे गणित १९६३ मध्ये सोडवणारे रॉय कर यांनी तर २०२३ मध्ये, वाट संपणे म्हणजे तिथे सिंग्युलॅरिटी असणे नव्हे, असा जाहीर आक्षेप घेतला. त्यावर वाद आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी यांनी वर्षानुवर्षे उलट बाजूने प्रश्न विचारला. प्रत्येक सिंग्युलॅरिटी क्षितिजाच्या पडद्याआड दडलेलीच असते, हे कशावरून? काही परिस्थितींत ती उघडी राहू शकते, असे त्यांचे गणित सांगते. पेनरोज यांनी १९६९ मध्ये मांडलेला पडद्याचा तर्क आजही सिद्ध झालेला नाही.

गणितात अनंत आले की निसर्गात काही अनंत झाले, असे समजायचे नसते. सिद्धांताची हद्द संपली, असे समजायचे. १९०० च्या सुमारास हेच घडले होते. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे तापलेल्या भट्टीतून अनंत ऊर्जा बाहेर पडायला हवी होती. भट्टीचे काही बिघडले नव्हते, सिद्धांताचे बिघडले होते. माक्स प्लांक यांनी ऊर्जा सलग नसून पुड्यापुड्यांनी मिळते, असे मानले आणि अनंत नाहीसे झाले. क्वांटम विज्ञानाचा जन्म असा उष्णतेच्या अभ्यासातून झाला.

आता दोन्ही लक्षणे शेजारी ठेवा. तापमान सांगते की, अवकाशकालाला बारीक घटक असावेत. सिंग्युलॅरिटी सांगते की, अवकाशकालाला सलग, गुळगुळीत मानणारा सिद्धांत एका टप्प्यावर निकामी होतो. लक्षणे दोन, पण बोट एकाच निदानाकडे. महाराष्ट्रात वाढलेले आणि अमेरिकेत काम केलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताला नव्या चलांत मांडून याच निदानाचा पाठपुरावा केला. त्यातून उभ्या राहिलेल्या सिद्धांतात क्षेत्रफळाचेही सुटे, अविभाज्य तुकडे असतात. त्यांच्या मोजदादीतून १९९८ मध्ये कृष्णविवराची एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात निघाली. २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, साध्या विश्वप्रतिमानात महास्फोटाच्या जागी अनंत येत नाही. आकसत आलेले विश्व उसळी घेऊन पुन्हा फुगते. स्ट्रिंग सिद्धांतवाल्यांनी १९९६ मध्ये वेगळ्या वाटेने, ठरावीक कृष्णविवरांसाठी, तीच एन्ट्रॉपी मोजली होती. वैद्य दोन, पद्धती दोन, आकडा तोच. औषध कुणाचे लागू पडेल, हे मात्र प्रयोगानेच ठरेल.

हिंगोलीचे उत्तर

म्हणून प्रश्न येतो प्रयोगाचा, आणि पैशाचा. १९७१ च्या एका प्रमेयाची खात्रीशीर पडताळणी व्हायला ५४ वर्षे लागली. विश्वेश्वरांचा नाद ४५ वर्षांनी ऐकू आला. या संशोधनाचा ‘उपयोग’ काय, असे १९५५ मध्ये रायचौधुरींना विचारले असते, तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. ते नसतानाही त्यांना कागद, पेन्सिल आणि वेळ मिळाला, तेवढ्यावर हे उभे राहिले.

जानेवारी २०२५ ची लहर टिपणाऱ्या वेधशाळा दोनच होत्या. दोन कानांनी आवाजाची दिशा ढोबळच कळते. दूरवर तिसरा, चौथा कान असेल तर नेमकी कळते. त्यातच अमेरिकी सरकारच्या २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात या दोनपैकी एक वेधशाळा बंद करण्याची सूचना होती. प्रस्तावाचे पुढे काहीही होवो, एका देशाच्या एका अर्थसंकल्पावर साऱ्या जगाचे कान अवलंबून असणे शहाणपणाचे नाही. लायगो-इंडियाचे महत्त्व इथे आहे. या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि २६०० कोटी रुपयांची पूर्ण मंजुरी मिळायला एप्रिल २०२३ उजाडला. सात वर्षे कागद फिरत राहिले. तेवढ्या काळात अमेरिकी उपकरणांची संवेदनक्षमता वाढत गेली. औंढ्याजवळ चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत. त्या ठरल्या मुदतीत उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि मुदतीचा हिशेब सरकारने लोकांपुढे वेळोवेळी ठेवला पाहिजे.

दुसरी मागणी अधिक जवळची आहे. मराठवाड्याच्या मातीवर जगातील सर्वांत संवेदनशील मोजमाप-यंत्रांपैकी एक उभे राहत असताना, तिथल्या महाविद्यालयांतील भौतिकशास्त्राचे विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालावेत, हे शोभणारे नाही. लेसर, निर्वात तंत्र, संगणकीय विश्लेषण या साऱ्याला माणसे लागणार आहेत. ती परभणी, नांदेड, हिंगोलीतून का येऊ नयेत? यंत्र औंढ्याला आणि त्याची समज मात्र अन्यत्र, असे होऊ द्यायचे नसेल, तर विद्यापीठांतील रिक्त जागा भरण्यापासून सुरुवात करावी लागेल.

आणि वाचक म्हणून आपण काय करावे? ‘काळ जिथे संपतो ती जागा सापडली’ किंवा ‘आइन्स्टाइन चुकला’ अशी बातमी आली की थोडे थांबावे. सिंग्युलॅरिटी हे गूढ देवस्थान नाही. आपले ज्ञान इथवरच आहे, हे सांगणारा तो हद्दीचा दगड आहे. आपली हद्द स्वतःच्याच समीकरणांतून दाखवून देणारा सिद्धांत हा दुबळा सिद्धांत नव्हे. रोग्याच्या तापाकडे जो डॉक्टर दुर्लक्ष करतो, त्याच्यापेक्षा ‘ताप आहे, कारण अजून कळलेले नाही, तपासण्या चालू आहेत’ असे सांगणारा डॉक्टर अधिक भरवशाचा. कृष्णविवराच्या बाबतीत विज्ञान आज नेमके एवढेच सांगते आहे. पुढची एक तपासणी औंढ्याला व्हायची आहे. ती वेळेवर व्हावी, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.